वर ऊब, खाली चिखल: महाकाय भोपळ्याच्या तीन रोपांचं प्रकरण

हे प्रकरण थंड मुलखातल्या, जिथे मे महिन्यातही हिमतुषार पडतो अशा, एका ओळखीच्या बागेतलं आहे. बाग जिची, तिला इथे नुसतं ‘ताई’ म्हणू. नोंदी तिच्या वहीतल्या आहेत, तारखा आणि तापमानंही तिचीच. मी फोनवरचा सल्लागार होतो. माझा एक सल्ला बरोबर निघाला, एक तिने ऐकला नाही, आणि एक मी वेळेवर दिलाच नाही. ते तिन्ही पुढे ओघात येईल.

पार्श्वभूमी

ताईचं हे महाकाय भोपळ्याचं चौथं वर्ष. बी ‘अटलांटिक जायंट’चं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत ही जात घडवली, आणि आज स्पर्धेत उतरणारे जवळजवळ सगळे भोपळे तिच्याच वंशातले असतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा १,२४६.९ किलो भरला होता. ताईची उडी तिथवर नाही. तिला तीनशे किलोचा टप्पा पार करायचा होता, एवढंच.

या छंदात वसंतातल्या एकेका दिवसाचा एवढा जीव का काढतात, हे आधी सांगायला हवं. ऐन भरात चांगल्या वेलावरचा भोपळा दिवसाला पंधरा-वीस किलोने वाढतो. त्यामुळे फळ तीन दिवस आधी धरलं तर तेवढं वजन पदरात पडेल, असा हिशेब मनात पक्का बसतो. मग माणसं बी लवकर लावतात, रोप लवकर बाहेर काढतात आणि थंडीशी झुंजत बसतात. ताईही त्यातलीच.

बागेत दोन जागा. एक वरच्या अंगाला, दुसरी उताराच्या टोकाला. दोन्हीकडे साधारण ६० चौरस मीटर मोकळं रान, माती भारी, चिकणीकडे झुकणारी. शरद ऋतूत दोन्हीकडे कुजलेलं शेणखत घातलेलं. खालची जागा पावसात जरा चिबडते हे ताईला माहीत होतं. पण आधीची तीन वर्षं वसंत कोरडा गेला होता, म्हणून तो दोष कधी अंगावर आला नव्हता.

१० एप्रिलला तिने दोन्ही जागी पीव्हीसी पाइपच्या कमानी रोवल्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून छोटी घरं उभी केली. सव्वा मीटरला थोडी कमी, म्हणजे १.२ मीटर लांब, तेवढीच रुंद, आणि पाऊण मीटर उंच. आत १०० वॉटचा जुन्या धाटणीचा, तारेचा बल्ब. एलईडी इथे कुचकामी, कारण त्याची ऊब नगण्य. बल्बला थर्मोस्टॅट जोडला होता: हवा १० अंशांखाली गेली की चालू, १५ वर बंद. कमाल-किमान तापमापक बल्बच्याच उंचीला टांगलेला. ही शेवटची बाब लक्षात असू द्या.

१८ एप्रिलला तीन बिया लावल्या. टोकाकडची बाजू सोडून कडा कानशीने हलक्या घासल्या, बिया कोमट पाण्यात चार तास ठेवल्या आणि दीड लिटरच्या कुंड्यांत, खाली गरम चटई देऊन, मातीचं तापमान २९ अंशांवर धरलं. २२, २३ आणि २५ एप्रिलला तिन्ही उगवल्या. तिसरं रोप उशिरा आलेलं, बीजदलं जरा वेडीवाकडी. ताईने ते ‘असू दे’ म्हणून खिडकीत ठेवलं. शेजारी कुणाला तरी देऊन टाकायचं तिच्या मनात होतं.

पहिला पेच: ३ मे

३ मेला पहिल्या दोन रोपांचं पहिलं खरं पान तळहाताएवढं झालं होतं आणि दुसरं उलगडत होतं. कुंडीच्या तळाच्या भोकांतून पांढरी मुळी डोकावत होती. हवामानाचा अंदाज वाईट: आठवडाभर ढग, पाऊस, दिवसाचं तापमान ९ ते १२ अंश. त्यानंतर आभाळ निवळून गारठा.

समोर तीन वाटा होत्या.

रोपं लगेच बाहेर लावायची. कुंडी भरली आहे, मुळं तळाशी गोल फिरायला लागली तर पुढे ती मोकळी व्हायला वेळ घेतात. भोपळवर्गाच्या मुळांना हाताळणं आवडत नाही, हे खरंच आहे. बाहेर घर तयार, बल्ब तयार.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या कुंडीत बदलून आठ-दहा दिवस घरातच दिव्याखाली ठेवायची. याला जागा लागते, आणि महाकाय भोपळ्याचं रोप दहा दिवसांत टेबल व्यापून टाकतं.

आणि तिसरी, दोन्ही रोपं विम्यासारखी ठेवून नव्या बिया लावायच्या.

ताईने पहिली वाट धरली, दोन्ही रोपांसाठी. तिचं म्हणणं होतं, “घरात हवा सतराची आणि तिकडे तेराची, फरक तो केवढा?” मला ते पटलं. चूक तिथेच झाली आणि तिच्यात माझाही वाटा आहे. आम्ही दोघं हवेबद्दल बोलत होतो. मातीचं तापमान किती, हे मी विचारायला हवं होतं, आणि ते विचारलं नाही.

लावणी मात्र व्यवस्थित झाली. पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध दिशेला मुख्य वेल धावतो, हा जुन्या लोकांचा आडाखा बहुधा खरा ठरतो. म्हणून ते पान कुंपणाकडे आणि वेलाची दिशा मोकळ्या रानाकडे ठेवून रोपं बसवली. कुंडीतला मातीचा गोळा न फोडता आळ्यात ठेवला, बीजदलांच्या खालीपर्यंत माती भरली. तिसऱ्या रोपाबद्दल मी फक्त एवढं म्हणालो, “देऊन टाकू नकोस, आठ लिटरच्या कुंडीत हलव.” ५ मेला तिने ते केलं, कुरकुरत.

अडचण

४ ते १० मे या सात दिवसांत ६२ मिलिमीटर पाऊस झाला. जोर कधीच नाही, नुसती रिपरिप. ताई रोज सकाळी घराची झडप उचलून तापमापक बघायची: किमान १०, ११, १०. वहीत प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण. रोपं उभी होती, वाढत मात्र नव्हती. थंडीत थोडं थांबणारच, असं आम्ही समजलो.

९ मेला दुपारी दोन तास ऊन पडलं. वरच्या घरातलं रोप तसंच राहिलं. खालचं मान टाकून पडलं. पानं ओल्या कापडासारखी लोंबत होती, आणि माती तर ओलीचिंब. पानं उलटून पाहिली तर शिरांच्या बाजूने जांभळट छटा.

ताईला वाटलं, गारठ्याने झालं. तिने थर्मोस्टॅट वाढवून १५ ते २० केला. हे अगदी साहजिक होतं, आणि नेमकं उलटं. गार मातीत मुळांचं पाणी ओढणं मंदावतं. अशा वेळी वरची हवा गरम केली की पानातून बाष्प जास्त उडतं, आणि खालून भर येत नाही. रोप पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. जांभळट छटेचं कारणही तेच: गारठलेल्या मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही. जमिनीत स्फुरद भरपूर होता, तपासणीचा कागद माझ्याकडे होता.

संध्याकाळी फोन आला. मी विचारलं, “दहा सेंटिमीटर खाली किती आहे?”

“खाली म्हणजे?”

“मातीत, ताई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातला टोकदार तापमापक मातीत खुपसला. वरच्या घरात १३ अंश, खालच्या घरात १०.५. या वेलाची मुळं १५ च्या खाली जेमतेम काम करतात, आणि १० च्या आसपास काम थांबल्यातच जमा. बी उगवताना आपण त्याला २९ अंशांची माती दिली होती, मग एका दुपारी उचलून त्याच्या निम्म्याहून कमी तापमानात बसवलं. हवेचा फरक चार अंशांचा असेल, मुळांना बसलेला धक्का त्याच्या कितीतरी पट होता.

माती गार का राहिली, हे समजायला ताईने पावसातच घराभोवती एक फेरी मारली. उत्तर पायाखाली होतं. प्लास्टिकच्या छपरावरून ओघळलेलं सगळं पाणी बरोबर घराच्या कडेला, रोपापासून हातभर अंतरावर, पडत होतं. हिशेब सोपा आहे. १.४४ चौरस मीटर छप्पर, त्यावर ६२ मिलिमीटर पाऊस, म्हणजे आठवड्यात जवळजवळ ९० लिटर पाणी कडेने मातीत. शिवाय खालच्या जागेला वरच्या उताराचं पाणी येत होतं ते वेगळं. आत कोरडं दिसत होतं ते फक्त वरचं बोटभर. खाली चिखल. पाण्याला तापायला कोरड्या मातीच्या, वजनाला वजन धरलं तर, साधारण पाचपट उष्णता लागते. लोंबता बल्ब त्या चिखलापुढे काय करणार? त्याची ऊब वर जाऊन छपराला दव बनून चिकटत होती.

दुसरा पेच: एकच केबल, दोन रोपं

१० मेला दुपारी काय करायचं हे ठरलं, पण सगळं एकमताने नाही.

पाणी तोडणं हे पहिलं काम, त्यावर वाद नव्हता. दोन्ही घरांभोवती वीतभर खोल चर खणून उताराकडे काढून दिला. घराच्या कडेला प्लास्टिकची साठ सेंटिमीटर रुंद झालर जोडली आणि तिला बाहेरच्या बाजूने ढाळ दिला, म्हणजे छपराचं पाणी झालरीवरून घसरून थेट चरात. अर्ध्या दिवसाचं काम. हे १० एप्रिललाच करता आलं असतं.

दुसरं काम हवा खेळती करणं. थर्मोस्टॅट पुन्हा खाली आणला आणि पाऊस थांबेल तेवढा वेळ दोन्ही टोकांची झडप उघडी ठेवायची असं ठरलं. ताईला हे जड गेलं, गारठ्यात खिडकी कशी उघडायची? पण आतल्या कोंदट ओलाव्यात बुरशीचं फावतं, आणि चिखलाला वाळायचं असेल तर बाष्प बाहेर जायला वाट हवी. खालच्या मातीचा वरचा थर हलक्या हाताने, मुळाला न लागता, खुरपून मोकळा केला. वापसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, यायला हवेची ये-जा हवी, नुसत्या उष्णतेने वापसा येत नाही.

वाद झाला तो केबलवर. ताईकडे माती तापवायची ७५ वॉटची एकच केबल होती. ती कुठल्या रोपाला द्यायची?

माझं मत वरच्या रोपाला. ते धडधाकट आहे, १३ अंशांवर तग धरून आहे, थोडी मदत मिळाली की धावेल. खालचं बहुधा गेलंय, त्याची जागा तिसरं रोप घेईल. ताईने ऐकून घेतलं आणि केबल खालच्या रोपाला लावली. “आजारी आहे त्याच्याकडे आधी बघायचं,” एवढंच म्हणाली. यावर काय बोलणार?

केबल तिने पुरली नाही, कारण मुळं तुटली असती. बुंध्यापासून १५ सेंटिमीटर अंतर सोडून वर्तुळात मातीवरच अंथरली, वर कोरड्या वाळूचा तीन सेंटिमीटर थर दिला. थर्मोस्टॅटचं टोक या वेळी मातीत, दहा सेंटिमीटर खोल. तिसऱ्या दिवशी, १२ मेच्या संध्याकाळी, खालच्या मातीचं तापमान १०.५ वरून १५ वर आलं. रोप मात्र जसंच्या तसं. दुपारी मान टाकायचं, रात्री उचलायचं, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी.

त्याच संध्याकाळी अंदाज आला: १३ च्या रात्री आभाळ मोकळं, पारा शून्याच्या दोन अंश खाली. ताईने स्वतःहून केबल काढली आणि वरच्या रोपाला नेली. मी काही बोललो नाही.

तिसरा पेच: हिमतुषाराची रात्र

एक गोष्ट आधी सांगतो. ढगाळ, पावसाळी आठवड्यात रात्री फार खाली जात नाहीत, कारण ढग जमिनीची ऊब परतवतात. खरा गारठा आभाळ निवळल्यावर येतो. म्हणजे ओला गारठा संपतो तिथेच कोरडा सुरू होतो, आणि रोप तोवर आधीच दमलेलं असतं. वसंतातली बरीच रोपं या सांध्यावर जातात.

ताईसमोर दोन पर्याय होते: बल्ब आणि केबलवर विसंबून राहायचं, की विजेशिवाय चालणारा एक थर वाढवायचा. तिने दोन्ही केलं. हा तिचा सगळ्यात चांगला निर्णय होता, आणि त्याचं श्रेय पूर्ण तिचं.

वरच्या घरात आठ पाच-लिटरी कॅन ठेवले, संध्याकाळी साडेआठला ४० अंशांच्या पाण्याने भरून. रोपावर काड्यांची तिवई करून क्रॉप कव्हरचं पांढरं कापड पानाला न टेकता पांघरलं. खालच्या घरात चार कॅन. ४० लिटर पाणी ४० वरून ८ अंशांवर उतरताना साधारण ५,३५० किलोजूल उष्णता सोडतं. १०० वॉटचा बल्ब जवळजवळ पंधरा तास जळाला तर एवढी मिळेल. आणि पाणी ती देतं ती खाली, रोपाच्या बाजूला.

रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. वीज म्हणजे गावाची नाही, तिच्या बागेची. घराबाहेर जिथे वायरचा जोड होता तिथे दव शिरलं आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ, पडली. तिने पडायलाच हवं होतं, ओल्या जमिनीवर ते यंत्र नसणं ही जिवाशी गाठ आहे. पण बल्ब आणि केबल दोन्ही बंद, आणि ताई झोपलेली.

सकाळी सहाला तापमापक: बाहेर उणे १.८, वरच्या घरात कापडाखाली ४.१. मातीत १४, म्हणजे संध्याकाळपेक्षा फक्त एक अंशाने कमी. खालच्या घरात कापडाखाली २.३. दोन्ही रोपं हिरवी. कॅनच्या पाण्यात बोट घातलं तर अजून थोडं कोमट लागलं, असं तिने वहीत लिहिलंय, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.

मग ती परत झोपली.

या प्रकरणातलं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते त्या स्वच्छ, देखण्या सकाळी. सूर्य नऊलाच चांगला वर आला. बाहेर हवा ११ अंश, स्वेटर लागेल अशी. बंद प्लास्टिकच्या आत पावणेअकराला ४४ अंश. रोप अजून कापडाखालीच. ताई धावत गेली तेव्हा वरच्या रोपाच्या मोठ्या पानाचा जो कोपरा कापडासकट प्लास्टिकला टेकला होता तो उकडलेल्या पालेभाजीसारखा काळपट-हिरवा, अर्धपारदर्शक. दुसऱ्या दिवशी तो वाळून कागद झाला. शेंडा वाचला, कारण तो खाली, कॅनच्या सावलीत होता. गारठ्याने ज्या रोपाचा ओरखडाही काढला नाही त्याचं एक तृतीयांश पान उन्हाने खाल्लं.

खालच्या रोपाचं काय झालं

१६ मेला खालचं रोप सकाळीही उचललं नाही. बुंधा मातीच्या रेषेला पाणथळ, बोटांनी दाबला तर मऊ. ताईने ते उपटलं नाही, खुरप्याने गोळ्यासकट काढलं आणि बादलीतल्या पाण्यात मातीचा गोळा विरघळवला. फोटो माझ्याकडे आला.

कुंडीतून लावताना जी पांढरी मुळी होती तिच्या जागी तपकिरी दोऱ्या. एक मूळ तिने चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत केसासारखा धागा उरला. पिथियम या बुरशीसारख्या जीवाने होणारी मूळकुज साधारण अशीच दिसते. गार, हवा नसलेल्या ओल्या मातीत ती हमखास येते. प्रयोगशाळेत तपासलं नाही, म्हणून नावावर मी पैज लावणार नाही. कुंडीच्या गोळ्याबाहेर नवीन मुळी एकही गेलेली नव्हती. तेरा दिवस ते रोप त्या दीड लिटरच्या मातीतच अडकून होतं. नंतर दिलेली १५ अंशांची माती त्याच्या काही उपयोगाची नव्हती. ती घ्यायला मुळंच शिल्लक नव्हती.

तिसरं रोप

तोवर खिडकीतलं तिसरं रोप आठ लिटरच्या कुंडीत चार पानांचं झालं होतं. १६ मेला ते लगेच त्या रिकाम्या खड्ड्यात लावायचा मोह ताईला झाला. जागा तयार, घर तयार. या वेळी थांबायचं ठरलं, आणि आकडा आधीच लिहून ठेवला: माती सलग तीन सकाळी १६ च्या वर, मगच लावणी.

खड्ड्यातली माती दोन हात बाजूला काढून टाकली. त्या जागी घराच्या पडवीत कोरडी पडलेली माती आणि कंपोस्ट मिसळून २५ सेंटिमीटर उंच, दीड मीटर व्यासाचा गोल उंचवटा केला. त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरलं. माती तापवायला पारदर्शकच चांगलं, कारण ऊन आरपार जाऊन थेट मातीवर पडतं. काळ्यात तणाचा बंदोबस्त होतो, पण ऊब कमी पोचते. दरम्यान रोज दोन तास, मग चार, मग दिवसभर रोप बाहेर आडोशाला ठेवून रापवलं. दिव्याखाली वाढलेलं पान थेट उन्हात नेलं की पांढरं पडतं.

१९, २०, २१ मेच्या सकाळी उंचवट्यात १६.५, १७, १८. २१ ला लावणी. कुंडी उलटी केली तर जारवा गच्च, पांढरा, तळाशी दोन मुळं वेटोळी घातलेली, ती बोटाने सरळ केली. रोप आडवं व्हायला लागलं होतं, त्यामुळे बुंध्याजवळ दोन काड्या एकमेकींत तिरप्या रोवून त्याला टेकण दिलं. नाही तर वारा बुंध्याशी पीळ घालतो आणि इतक्या दिवसांची मेहनत एका झुळुकीत जाते.

निकाल

२० जूनला वरच्या, ३ मेला लावलेल्या रोपाचा मुख्य वेल २.४ मीटर होता. अठरा दिवस उशिरा लावलेल्या तिसऱ्या रोपाचा २.१ मीटर. हाताने परागीकरण केलं ते पहिल्या वेलावर ५ जुलैला आणि तिसऱ्याच्या वेलावर ८ जुलैला. अठरा दिवसांचं अंतर तीन दिवसांवर आलं. सप्टेंबरच्या शेवटी काट्यावर पहिल्या वेलाचा भोपळा ३१२ किलो, तिसऱ्याचा २८७.

तीनशेचा टप्पा गाठला म्हणून ताई खूश. मला त्या दोन आकड्यांपेक्षा तीन दिवसांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. पण त्याचा फार अर्थ लावायला नको. दोन बिया वेगळ्या, जागा वेगळ्या, एकाचं पान भाजलेलं. अटलांटिक जायंटमध्ये एकाच फळातल्या दोन बियाही सारख्या निघत नाहीत. एवढं मात्र म्हणता येईल की पहिल्या रोपाला बल्ब, केबल, कॅन, रात्रीचं पांघरूण असं सगळं मिळूनही त्याला बाहेर काढल्याचा फायदा जेमतेम तीन दिवस झाला. दुसऱ्या रोपाला तर जीवच द्यावा लागला.

पुन्हा करायचं झालं तर

ताईने पुढच्या वर्षासाठी वहीच्या मागच्या पानावर लिहिलंय ते माझ्या शेऱ्यांसकट देतो.

उंचवटा वसंतात नाही, शरद ऋतूतच करायचा आणि हिवाळ्यात झाकून ठेवायचा. ओल्या मातीचा उंचवटा म्हणजे उंचावर ठेवलेला चिखल. यावर आमचं एकमत.

पहिली कुंडी दीड लिटरची नको, थेट पाच-सहा लिटरची. ३ मेचा सगळा पेच मुळात कुंडी भरल्यामुळे आला. कुंडीत जागा असती तर पाऊस जाईपर्यंत थांबायला आम्हाला निमित्तच शोधावं लागलं नसतं. मी तर म्हणतो बीही आठवडाभर उशिरा, पण ते ती ऐकणार नाही.

बल्ब काढून टाकायचा. त्याऐवजी दोन्ही जागी केबल, लावणीच्या आठवडाभर आधी वीतभर खोल पुरलेली, म्हणजे मुळांना धक्का नाही. थर्मोस्टॅट मातीत. हवेतला तापमापक राहू दे, पण त्याचा आकडा फक्त दुपारी बघायचा, घर उघडायला.

त्याच कारणासाठी झडपेला मेणाच्या नळीवर चालणारं, आपोआप उघडणारं यंत्र. आतली हवा तापली की नळीतलं मेण फुगतं आणि दांडा झडप उचलतो, वीज लागत नाही. १४ मेच्या सकाळी ते असतं तर ताईला निवांत झोपता आलं असतं. वायरचे जोड जमिनीपासून वर, डब्यात.

केबल एकच असेल तर कुणाला द्यायची, यावर वहीत काही लिहिलेलं नाही. मी विचारलं. “दोन घेतल्यात,” म्हणाली.

आणि सकाळचा तापमापक? तो आता बल्बच्या खिळ्यावर नसतो. १० एप्रिलला घर उभं करायच्या आधी ताई मातीत भोक पाडून तो उभा खुपसते, वर लाल फडकं बांधते, आणि रोज सकाळी दात घासत, छत्री धरून तिथे वाकून बघते.